सहीचं टोकन दुसऱ्याच्या ड्रॉवरात काहून?

आज सोयाबीन-तूर बाजूला ठेवून आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या डिजिटल सहीवर लिहितो.

अमरावती-अकोल्याकडं कंपन्या बऱ्याच झाल्या, पण संचालकाच्या सहीचं यूएसबी टोकन अनेकदा सीएच्या नाहीतर कॉम्प्युटरवाल्याच्या ड्रॉवरात पडून असते, पिनसकट. कारण ठरलेलं: "भाऊ, आपला कॉम्प्युटर त्याले ओळखतच नाही." माझ्या मते टोकन दुसऱ्याच्या हवाली करायला हे कारण पुरत नाही.

टोकन दिसते पेनड्राइव्हसारखं, पण ते पेनड्राइव्ह नाही. सहीची गुप्त किल्ली आतल्या चिपमध्येच राहते, तिची कॉपी निघत नाही. त्यात आपल्या फाइली दिसल्या नाहीत म्हणजे ते बिघडलं, असं नाही.

आधी हे पाहा:

१. टोकनवरचं नाव वाचा. ईपास, प्रॉक्सकी, एमटोकन, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा.

२. नाव पुसलं असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून टोकन काढा-लावा. जी ओळ नवीन येते ते आपलं टोकन. तिच्या हार्डवेअर आयडीत व्हीआयडी म्हणजे बनवणारा आणि पीआयडी म्हणजे मॉडेल. त्यावरून ड्रायव्हर सापडते.

३. ओळीवर पिवळी खूण असेल तर बहुतेक ड्रायव्हरचीच अडचण. तो बनवणाऱ्याच्या किंवा सही देणाऱ्या संस्थेच्या साइटवरूनच घ्या.

४. ओळच येत नसेल तर हब काढा, पोर्ट बदला, दुसरा कॉम्प्युटर पाहा. तिथंही काही नाही, मंग टोकनच गेलं समजा.

५. टोकन दिसते पण सही होत नाही? सर्टिफिकेटची मुदत पाहा. ती बहुधा १ ते ३ वर्षांची असते.

दोन गोष्टी मात्र करू नका. पिन अंदाजानं मारू नका, टोकन लॉक होते. आणि 'इनिशियलाइज' दाबू नका, किल्ली पुसल्या जाते अन् सही नव्यानं काढावी लागते.

हे शिकायचं कशाला? एओसी-४ अन् एमजीटी-७ हे वार्षिक फॉर्म उशिरा गेले तर प्रत्येक फॉर्मले दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. ऐन मुदतीच्या दिवशी टोकन चाललं नाही तर भुर्दंड सभासदांच्याच पैशातून. दुसरं, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ सांगते की किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची काळजी ज्याची सही त्यानंच घ्यायची.

कोणी म्हणन, सीएवर भरवसा नाही काय? हाये ना. पण भरवसा आहे म्हणून आपण सह्या केलेलं कोरं चेकबुक कोणाच्या टेबलावर ठेवतो काय? हे टोकन वार्षिक फॉर्मवर चालते तसंच टेंडरवरही चालते.

म्हणून कंपनीचा एक कॉम्प्युटर नीट लावून घ्या. टोकन संचालकापाशी ठेवा, पिन त्याच्याच डोक्यात. मुदतीची तारीख बैठकीच्या वहीत लिहा. काम सीएनंच करावं, पण सही आपण समोर बसून करावी.

तुमच्या कंपनीचं टोकन आज कोणापाशी आहे, पुढच्या बैठकीत एवढं विचाराच.