बघ्यांची गर्दी आणि खरें साहाय्य

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, ठाऊक आहे. लुटारूंनीं घायाळ केलेल्या वाटसरूस पाहून याजक निघून गेला, लेवीहि निघून गेला. परक्या शोमरोन्यानें मात्र त्याच्या जखमा बांधिल्या व त्यास उतारशाळेंत नेलें. परंतु दृष्टांतांत नसलेला आणखी एक वर्ग आज आमच्या रस्त्यांवर दिसतो; तो थांबून नुसतें पाहणाऱ्यांचा. मोबाईल उंचावून चित्रें घेणाऱ्या या गर्दींतून रुग्णवाहिकेस वाट मिळत नाहीं. या लोकांस दया नसते असें आम्ही म्हणत नाहीं. काय करावें हें त्यांस ठाऊक नसतें. ज्ञानावांचून दया पंगु होय.

मदतीस येणारे लोक काय पणास लावितात, हें विसरतां कामा नये. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' जहाजास आग लागली. त्यावर कापूस होता व स्फोटक द्रव्येंहि होतीं. दुपारीं चारनंतर स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ लोक कर्तव्य करीत असतां प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळतात. अशा लोकांची वाट अडविणें हें आमच्या मतें केवळ अज्ञान नव्हे, कृतघ्नपणा आहे.

मग करावें काय? ११२ या क्रमांकावर, किंवा रुग्णवाहिकेसाठीं १०८ वर, कळवावें. प्रथम ठिकाण, जवळची ठळक खूण, मग काय घडलें व किती जण जखमी आहेत, हें शांतपणें सांगावें. विचारणाऱ्याचें समाधान होण्यापूर्वीं फोन ठेवूं नये. एकानें हमरस्त्याच्या वळणावर उभें राहून गाडीस वाट दाखवावी, इतरांनीं गर्दी हटवावी. आग किंवा तसाच धोका नसेल तर जखमी मनुष्यास ओढूं नये, त्यास पाणी पाजूं नये; रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें. दलाचे लोक आल्यावर त्यांच्या आज्ञेंत राहावें.

"पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल," ही पालकांची जुनी भीति आम्ही जाणतों. परंतु २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा साहाय्यकर्त्यांच्या रक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें. त्या कायद्यांत अशा मनुष्याचें नांवच 'गुड समॅरिटन', म्हणजे चांगला शोमरोनी, असें आहे!

विद्यार्थीमित्रहो, शोमरोन्याजवळ तेल व द्राक्षारस होता, आणि त्यांचा उपयोग त्यास माहीत होता. तुमच्याजवळहि तेवढी तयारी असावी. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलांचा हात धरून पुढें निघून जाऊं नका. उद्यां रस्त्यावर पडलेला मनुष्य कोणाच्या घरचा असेल, हें आज कोणासहि सांगतां येत नाहीं.