बाभळी आणि भाषणे

या अंकाचा विषय 'सीमा'. पण वर्षभर जे सलत राहिले ते महाराष्ट्र-तेलंगणा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहे. आपल्या राजकारणात आकड्याआधी शब्द पोचतो आणि मग आकडा आला तरी शब्द जागचा हलत नाही.

धर्माबाद तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची क्षमता २.७४ टीएमसी (अब्ज घनफूट). सीमेपलीकडे तेलंगणातल्या श्रीराम सागर धरणाची मूळ क्षमता ११२ टीएमसी. गोदावरी लवादाने पैठणखालच्या नव्या वापरासाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी दिलेले. तरीही तेव्हाच्या अविभाजित आंध्रातल्या भाषणांत बाभळी 'बेकायदा' ठरली, उत्तर तेलंगणाचे 'वाळवंट' होणार असे सांगितले गेले. जुलै २०१० मध्ये तेलंगणात १२ जागांची पोटनिवडणूक तोंडावर असताना तेव्हाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आमदारांसह बाभळीकडे निघाले. त्यांना अटक झाली आणि धर्माबादच्या आयटीआयमध्ये ठेवले गेले. वाळवंटाचे नाव काढले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बासर-निजामाबादकडच्या त्या शेतकऱ्याशी आपले सोयरसंबंध आहेत, बाजार आहे. त्याला २.७४ हा आकडा कुणी सांगितला?

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याचा मार्ग मोकळा केला आणि अटीही घातल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा आपण पाणी अडवायचे नाही. आपले पुढारी 'हक्काचे पाणी' म्हणून टाळ्या घेतात, ही अट मात्र व्यासपीठावरून सांगत नाहीत. हा दोष तितकाच मोठा आहे. लोकांना अर्धे सांगून चिडवणे ही फसवणूकच.

शब्दांचा हाच खेळ मदतीच्या वेळीही दिसला. २०२५ मध्ये अतिवृष्टीने मुखेडपासून लातूरपर्यंत पिके वाहून गेली. शेतकरी 'ओला दुष्काळ' जाहीर करा म्हणत राहिला, सरकारने नियमावलीत असा शब्दच नाही असे उत्तर दिले. मते मागताना शब्दांची कमतरता पडत नाही, देण्याची वेळ आली की नियमावली उघडते.

म्हणून वाचकहो, निवडणुका आल्या की उमेदवार दारात येतील. कुणी 'अन्याय' म्हणाला, कुणी 'हक्क' म्हणाला, तर त्याला उंबऱ्यावरच विचारा: किती पाणी, कोणत्या निकालाने, कोणत्या तारखेपासून?