‘मासा टाकीएवढाच वाढतो’ हे खरं आहे का? आणि वाढलाच तर घरणीत सोडायचा का?

लातूरहून प्लास्टिकच्या पिशवीत आणलेला चार बोटांचा मासा. दुकानात नाव सांगितलेलं असतं ‘शार्क’. शिरूर अनंतपाळच्या घरात दोन फुटी काचेची टाकी, निळा लाईट, बुडबुडे सोडणारा पंप. पोरं खूश. वर्ष-दीड वर्षात मात्र त्या माशाला वळायला जागा उरत नाही. लाईट लागला की दचकून काचेवर धडकतो, नाकाड सोललेलं असतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, घरणीच्या नाहीतर साकोळच्या तलावात सोडून येऊ. जीव पण वाचेल, पुण्य पण लागेल.

ही कल्पना वाईट मनातून आलेली नसते. आपल्याकडे मासे सोडणं हे चांगलंच काम समजलं जातं. डास वाढले की आरोग्य खातंच सांगतं, हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडा. मग घरचा मासा तलावात सोडला तर बिघडलं कुठं?

बरंच बिघडतं. पण आधी हा प्रश्न घरात येतोच कसा, ते बघू.

‘शार्क’ म्हणजे नेमका कोण?

घरगुती टाकीसाठी ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा पंगस असतो. हॉटेलच्या मेन्यूत ‘बासा’ लिहिलेलं असतं, तोच. पूर्ण वाढला तर एक मीटरच्या पुढे जातो. ‘पिरान्हा’ म्हणून दिला जाणारा लाल पोटाचा मासा बऱ्याचदा पाकू असतो, म्हणजे बाजारात किलोवर मिळणारा रूपचंद. काच साफ करतो म्हणून घेतलेला बोटाएवढा सकर ४०-५० सेंटिमीटर होतो. ऑस्कर फूटभर, सिल्व्हर अरोवाना जवळपास तीन फूट. आणि वाडग्यात ठेवला जाणारा साधा गोल्डफिश? नीट सांभाळला तर २० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो.

दुकानात दिसतात ती सगळी पिल्लं असतात. कोंबडीचं पिल्लू घेताना आपल्याला माहीत असतं की त्याची कोंबडी होणार. माशाच्या बाबतीत हे कुणी सांगत नाही. उलट ‘मासा टाकीएवढाच वाढतो’ असं सांगितलं जातं.

या वाक्यात सत्य आहे, पण अर्धवट. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते, ती जागा बघून नव्हे, पाणी खराब होतं म्हणून. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशासाठी विषारी असतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण साचत जातं आणि मुख्यतः पाणी बदलूनच कमी होतं. मासा मोठा आणि पाणी थोडं असलं की हे चक्र कोलमडतं. माशाचा कणा वाकतो, तो वारंवार आजारी पडतो आणि आयुष्याच्या निम्म्यातच जातो. ‘टाकीएवढा राहिला’ म्हणजे बहुतेक वेळा तो त्या पाण्यात कसाबसा तग धरून होता.

मग मोठी टाकी घ्यायची?

गणित करून बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी साधारण ५६ लिटर. सहा फूट बाय दोन बाय दोन केली तर ६८० लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ६८० किलो, ते माळवदावर ठेवायचं का, हा वेगळा विषय. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं तर १७० लिटर लागतं, जवळपास एक बॅरल. आणि पंगस या टाकीतही पुढे मावणार नाही, कारण तो झुंडीनं राहणारा मासा आहे.

हे आपण लातूर जिल्ह्यात बोलतोय. एप्रिल २०१६ मध्ये इथे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या घरांना नवीन नाही. टाकीतून काढलेलं पाणी झाडांना चालतं, नायट्रेटमुळे उलट खतच मिळतं (औषध किंवा मीठ घातलेलं नसेल तर). तरी उन्हाळ्यात हे जमणार आहे का, हे मासा घेण्याआधी स्वतःला विचारायला हवं.

तलावात सोडलं तर काय होतं?

त्यासाठी लांब जायला नको. सोलापूर जिल्ह्यात, उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सकर येतो. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांचं चिलखत, परांना कडक काटे, त्यामुळे जाळी फाटतात. हा मासा पोटातून हवा घेऊ शकतो, म्हणून घाण पाण्यातही टिकतो आणि पाण्याबाहेरही काही तास जिवंत राहतो. अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं करतो. बाजारात त्याला भाव नाही. त्याला आपल्याकडे आणलं ते काच साफ ठेवणाऱ्या हौशी माशांच्या व्यापारानं.

भोपाळच्या तलावात एप्रिल २०२३ मध्ये मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार सापडला. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात. हा उत्तर अमेरिकेतला मासा स्वतः पोहत इथे आला नाही, हे उघड आहे.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी आणि साकोळ हे मध्यम प्रकल्प आहेत. अशा जलाशयांत मच्छीमार सहकारी संस्था ठेक्यानं कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडतात. दुष्काळात पाणी आटतं, सगळे मासे एका डबक्यात गोळा होतात, आणि तिथे चिवट परकी जात असेल तर शेवटी तीच उरते. पाऊस जास्त झाला तर उलटं संकट. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्या पात्र सोडून शेतात शिरल्या, ते अजून ताजं आहे. घरणी मांजरेला मिळते, मांजरा पुढे कर्नाटक-तेलंगणातून गोदावरीला. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर ॲमेझॉनमधला अरापैमा नद्यांत सापडला, तो पाळलेल्या ठिकाणांहून वाहून आलेला होता. म्हणून ‘तलावात नको तर शेततळ्यात सोडू’ हाही पक्का उपाय नाही. ढगफुटीत शेततळं ओसंडतंच. गोल्डफिश किंवा कोईसाठी घराजवळचा उंच काठाचा, वर जाळी असलेला सिमेंटचा हौद त्यापेक्षा बरा.

कायदा काय म्हणतो?

२०१७ मध्ये केंद्रानं मत्स्यालय दुकानांसाठी कडक नियम आणले होते. त्यात १५८ जातींवर निर्बंध होते. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि ते मागे घेतले गेले. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं परक्या आक्रमक जातींची आयात, विक्री आणि बाळगणं यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला दिला. मला स्वतःला फक्त बंदीवर फार भरवसा वाटत नाही. थाई मागूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो पकडून नष्ट केल्याच्या बातम्या येतच राहतात.

त्यापेक्षा दुकानातच एक प्रश्न विचारला तर जास्त फरक पडेल: हा मोठा झाला की परत घ्याल का? काही दुकानदार घेतात. नाही म्हटलं तर तो मासा घेऊ नये, इतकं सोपं आहे.

आधीच घरात वाढून बसलेला असेल तर लातूर, सोलापूर, पुण्याकडे मोठ्या टाक्या ठेवणारे हौशी लोक असतात. फोटो आणि नेमकी लांबी कळवून विचारावं. फुकट द्यायची तयारी ठेवावी. कुणीच घेत नसेल तर पशुवैद्यकांना विचारून त्याला वेदनेविना मरण देणं हे तलावात सोडण्यापेक्षा बरं. ऐकायला वाईट वाटतं, पण घरणीतल्या माशांचा आणि त्यांवर घर चालवणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. आणि रूपचंदच आहे म्हणून कालवण करायचा विचार असेल तर थांबा. टाकीच्या माशांना दिलेली औषधं खायच्या माशांसाठी नसतात.

दोन फुटी टाकी रिकामी झालीच तर तिच्यात आठ-दहा गप्पी सुखानं राहतात. फक्त नर आणा. मादी आली की दर महिन्याला पिल्लं होतात आणि सहा महिन्यांत पुन्हा टाकी पुरत नाही.