ग्रीक गोळे, कर्जतचा भात

सध्या जो तो बोलमध्ये जेवतोय. लोअर परळ, बीकेसी, पवई... जिकडे ऑफिसं, तिकडे बोल. बुद्धा बोल झाला, बुरिटो बोल झाला, आता त्यांच्यातलं धाकटं भावंड म्हणजे ग्रीक मीटबॉल राइस बोल. आमच्या ऑफिसखाली साडेपाचशेला मिळतो, वर टॅक्स वेगळा. बोल म्हणजे सरळ मराठीत वाडगा. आणि वाडग्यात जेवणं हे आपल्याकडे एकतर आजारी माणसाचं काम, नाहीतर घाईतल्या माणसाचं. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद अशी शिस्त असलेल्या समाजाने सगळं एकावर एक रचून खायचे साडेपाचशे का मोजावेत? रास्त प्रश्न आहे. मी मोजत नाही. मी तो बोल घरी करते. कर्जतला, आठवड्याच्या मधल्या वारी.

कर्जत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे फार्महाऊस, रिव्हर राफ्टिंग आणि पावसाळी सेल्फी आले असतील. येऊ देत. आम्ही मात्र तिथे राहतो. सीएसएमटीपासून १०० किलोमीटर, फास्ट लोकल मिळाली तरी दोन तास. लेडीज डब्यात बदलापूरपर्यंत उभं राहायचं, पुढे बसायला मिळालं तर मेथी निवडायची किंवा घोरायचं. मी घरात शिरते तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात. नवरा खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात आहे. सेकंड शिफ्ट असली की बाइकवरून येईपर्यंत पावणेबारा. आणि घरात सासूबाई. त्यांना शुगर आहे, डॉक्टरांनी आठच्या आत जेवायला बजावलंय.

म्हणजे माणसं तीन, जेवणाच्या वेळा तीन. आता यात अडचण कुठे आहे ते सांगते. अडचण भाकरीत आहे.

भाकरीवर माझं प्रेम आहे, गैरसमज नको. पण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायला हवी, आणि ती पडण्यासाठी कुणीतरी तव्यापाशी उभं असायला हवं. गरम भाकरी हा पदार्थ नाही, ड्यूटी आहे. आमच्याकडे ती ड्यूटी आई करायच्या. साडेनऊला माझ्यासाठी एकदा तवा चढायचा, पावणेबाराला लेकासाठी परत. आणि मधल्या वेळात स्वतः जेवायचं नाही, कारण 'तुम्ही आल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.' ऐकायला काय गोड वाटतं! पण रिपोर्ट आला की त्यातला आकडा अजिबात गोड नसतो (खरं तर फारच गोड असतो). 'आई, तुम्ही जेवून घ्या' असं मी फोनवर रोज सांगायचे आणि त्या रोज 'हो हो' म्हणायच्या. सांगून ही सवय मोडणार नव्हती. असं जेवण हवं होतं की जे वाढायला दुसरं माणूसच लागू नये.

तेव्हा मला तो साडेपाचशेचा वाडगा आठवला. त्यात गरम फक्त दोन गोष्टी असतात, भात आणि गोळे. बाकी सगळं गार, आधी करून ठेवलेलं. ज्याने त्याने यायचं, रचायचं, खायचं.

शिवाय वाटतो तेवढा तो परका नाही. ग्रीक लोक मीटबॉलला 'केफ्तेदेस' म्हणतात. जरा कान देऊन ऐका, आपला कोफ्ताच आहे. मूळ शब्द फारसी, अर्थ 'कुटलेलं'. तो तुर्कीतून ग्रीसला गेला आणि फारसीतूनच आपल्याकडे आला. त्या खानदानातला एक प्रकार तर थेट आपल्या जिभेचा आहे, 'सुत्झुकाकिया'. नाव जमलं नाही तरी चालेल. एजियन समुद्राच्या तुर्की किनाऱ्यावर स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, हे शहर आहे. १९२२च्या युद्धानंतर तिथली ग्रीक कुटुंबं निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आली आणि येताना हे लांबट गोळे घेऊन आली. त्यात भरपूर जिरं आणि लसूण, बाहेरून टोमॅटोचा रस्सा, आणि खायचे बहुतेक वेळा भाताबरोबरच. जिरं, लसूण, टोमॅटो, भात... सांगा, यात कर्जतच्या बाजारात काय मिळत नाही?

ओरेगॅनो मिळत नाही, असं म्हणाल. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये साठलेल्या असतात त्या वापरा, ना नाही. पण मी ओव्याची पानं घालते. तीच, जाड लुसलुशीत, कुंडीत आपोआप पसरणारी, ज्यांची आपण भजी करतो. ओरेगॅनोला वास देणारं जे द्रव्य असतं, कार्व्हाक्रोल, ते या पानांतही भरपूर असतं. म्हणून तर इंग्रजीत या झाडाला 'क्युबन ओरेगॅनो' म्हणतात. आमच्या रायगडात मांसाला ओव्याची सोबत काही नवी नाही. हिवाळ्यात पोपटी लावतात तेव्हा मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी यांच्यावर ओवाच तर भुरभुरतात.

आता कृती. रविवारी सकाळी मटणवाल्याकडून अर्धा किलो खिमा आणायचा. दोनदा मशीनमधून काढायला सांगायचं आणि थोडी चरबी राहू द्यायला. आपल्याकडचं मटण बोकडाचं, त्यात चरबी कमी, नुसत्याचे गोळे कोरडे होतात. त्यावर उपाय ब्रेडचा. दोन स्लाइस पाण्यात भिजवून घट्ट पिळून खिम्यात कुस्करायच्या. ब्रेड ओल धरून ठेवतो, त्यामुळे गोळा आतून मऊ राहतो. एक कांदा किसून, त्याचंही पाणी पिळून घालायचा. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून, दीड चमचा जिऱ्याची भरड पूड, मिरपूड, चिमूटभर दालचिनी, मीठ, चार-पाच ओव्याची पानं बारीक चिरून, एक अंडं. गरम मसाला घालू नका. हात शिवशिवतो, मला कळतं, पण नका घालू. तो पडला की ग्रीस संपलं, मोहल्ला सुरू. मिश्रण पाच मिनिटं चांगलं मळा, मग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओल्या हाताने लांबट गोळे वळले की साधारण चोवीस होतात. वळायचं काम आमच्याकडे नवऱ्याचं. कारखान्यात क्वालिटीत आहे, सगळे एका मापाचे होतात.

तव्यावर थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी लाल करून, आतपर्यंत शिजवून घ्यायचे. बारा-पंधरा मिनिटं लागतात. गार झाले की ताटात सुटे मांडून फ्रीजरमध्ये. कडक झाले की डब्यात भरा, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. रस्साही त्याच दिवशी होतो. सहा टोमॅटो किसणीवर किसायचे (साल हातात राहतं, टाकून द्या), तेलात लसूण, जिरं, वर टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर, आणि पंधरा मिनिटं मंद आच. झालं. बुधवारी रस्सा उकळायचा, त्यात गोळे सोडायचे, झाकण ठेवून पंधरा मिनिटं.

पांढरं म्हणजे तात्झिकी. हा तर आपल्या काकडीच्या कोशिंबिरीचा इस्त्रीचे कपडे घातलेला भाऊ. ग्रीक योगर्ट म्हणून छोटी डबी केवढ्याला देतात हो! आपण श्रीखंडाला करतो तो चक्का आणि ते यांत फरक शोधावा लागतो. शनिवारी रात्री अर्धा लिटर दही मलमलच्या फडक्यात बांधून चाळणीत ठेवून फ्रीजमध्ये सरकवा, सकाळी चक्का तयार. काकडी किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी कचकचून पिळायची. हे टाळलंत तर सगळं पळीवाढं होईल. मग चक्का, काकडी, किसलेला लसूण, चमचाभर ऑलिव्ह ऑइल, थोडं लिंबू आणि शेपू. होय, शेपूच. सुपर मार्केटात 'डिल' म्हणून इवलीशी जुडी विकतात ना, ती त्याचीच सख्खी. ज्या मराठी घरात शेपूची भाजी म्हटल्यावर माणसं शेजारी जेवायला जातात, त्याच घरात 'डिल' म्हटलं की वाटी चाटूनपुसून खातात, हा अनुभव घेऊन बघा. चक्का महिनाभर टिकत नाही, पण रविवारचं तात्झिकी बुधवारपर्यंत फ्रीजमध्ये नीट राहतं.

चीजबद्दल दोन शब्द. ग्रीक माणूस यावर फेटा कुस्करतो (डोक्याचा नव्हे). २००२पासून युरोपात ते नाव फक्त ग्रीसमधल्या चीजला लावता येतं, तेही मेंढीच्या दुधाच्या, फार तर त्यात थोडं बकरीचं. पनीर मिठाच्या पाण्यात बुडवून त्याला फेटा म्हणणारे लोक आहेत. मी पनीरला पनीरच म्हणते आणि या वाडग्यात ते घालत नाही. त्यापेक्षा बारीक चिरलेला कांदा लिंबात मुरवून घाला.

आणि भात. इथे मात्र मी हट्टी आहे. बासमती नको, आंबेमोहोर तर मुळीच नको, त्याचा सुगंध ओव्याशी भांडतो. कर्जतला तांदळाचं संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. गावाचं नाव लागलेल्या कितीतरी जाती तिथून निघाल्या, कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७... १९९८मध्ये आलेला 'सह्याद्री' हा संकरित भातही तिथलाच. आमच्याकडे घरचा कर्जत-३ येतो. आखूड, जाडसर दाणा, दिसायला गावठी. पण टोमॅटोचा रस्सा असा पिऊन घेतो की बासमतीने बघत राहावं. एक लक्षात ठेवा, नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून वर्षभर जुना घ्या आणि पाणी बेताचं घाला. घरचा म्हणते खरी, पण जमिनीचा निम्मा तुकडा चुलत सासऱ्यांनी फार्महाऊसवाल्यांना दिला. तिथे आता लॉन आहे. उरलेल्यात जे पिकतं ते वर्षाला आम्हाला पुरतं, म्हणून तरी भात विकतचा नाही.

शिळ्या भाताची एक गोष्ट गांभीर्याने सांगते. तीन वेळा जेवणाऱ्या घरात भात कुकरमध्ये तासन्‌तास पडून राहतो आणि पावसाळ्यात तेच धोक्याचं. शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू तांदळात असतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून आईंनी साडेसातला कुकर लावला की त्या त्यांचा भात घेतात आणि उरलेला पसरट डब्यात काढून गार झाला की लगेच फ्रीजमध्ये टाकतात. नंतर येणाऱ्याने पाण्याचा शिपका मारून, वाफ येईपर्यंत गरम करायचा. लाइट गेली की हे गणित कोलमडतं. खोपोलीत १९१५पासून पाण्यावर वीज तयार होते, आणि तिथून पंधरा किलोमीटरवर आम्ही पहिल्या पावसात मेणबत्ती शोधतो. अशा रात्री भात परत लावायचा, शिळ्याचा मोह नको.

पहिल्या बुधवारी आईंनी सगळं व्यवस्थित गरम केलं आणि माझी वाट बघत बसल्या. दुसऱ्या बुधवारीही. मी काही बोलले नाही, फक्त तीन वाडगे तीन रंगांचे आणले. त्यांचा निळा. त्यात भात एक मूठ, काकडी-चक्का दुप्पट, गोळे चार, असं माप ठरवून दिलं. ताट वाढून घेतलं की एकटीने जेवल्यासारखं वाटतं, वाडगा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलं की तसं वाटत नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं. तिसऱ्या बुधवारी मी अंबरनाथच्या पुढे असताना मोबाइल वाजला. मेसेज आईंचा. 'जेवले. सव्वाआठ. गोळे बरे झालेत. शेपू कमी घाल.'

मी तो मेसेज शेजारच्या दोघींना दाखवला. एक नेरळची, एक भिवपुरीची. दोघींच्याही घरी कुणीतरी न जेवता बसलेलं होतं. भिवपुरीवालीने कृती तिथेच मोबाइलवर टाइप करून घेतली, फक्त खिम्याच्या जागी चिकन लिहिलं.

हां, नवरा. त्याला पावणेबाराला स्वतःचा भात स्वतः गरम करावा लागतो. पहिल्या दिवशी 'कुणी उठलं नाही?' असं त्याने विचारलं. फ्रीजवर चिठ्ठी होती, 'गॅस उजवीकडून दुसरा.' आता तो स्वतःच्या वाडग्यावर हिरवी मिरची आणि शेव घालतो. ग्रीकांनी हे बघू नये.

श्रावणात काय, असं विचारणाऱ्यांसाठी. ग्रीकांनाही ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस चालत नाही आणि तेव्हा ते काबुली चण्याचे गोळे करतात. चणे रात्रभर भिजवा, न शिजवता भरड वाटा, कांदा, पुदिना, जिरं, मीठ, चमचाभर बेसन घालून वळा आणि तळा. फक्त हे रस्स्यात उकळू नका, फुटतात. रस्सा वरून ओता. बाकी वाडगा तोच. आणि खिम्याचे एक-दोन गोळे उरलेच, तर दुसऱ्या दिवशी पावात घालून डब्यात न्या. ठाण्याच्या आत संपतात.