नवोदिताचे हस्तलिखित आणि फॉलोअर्सचा आकडा

इंग्रजीत पहिली कादंबरी लिहिणारा माणूस लंडनमध्ये असो, न्यू जर्सीत असो की पुण्यात, त्याला एक सल्ला हमखास मिळतो: एजंटला पत्र पाठवण्याआधी इंटरनेटवर नाव कमवा. इन्स्टाग्रामवर खाते काढा, स्वतःचे संकेतस्थळ उभारा, चार-पाच हजार फॉलोअर्स जमवा आणि मगच दार ठोठावा. हा सल्ला लेखनाच्या कार्यशाळांत दिला जातो, मार्गदर्शक पुस्तकांत छापला जातो आणि लेखक-मित्र तो एकमेकांना प्रामाणिकपणे देतात. परिणाम असा होतो की कादंबरीचा दुसरा खर्डा अर्धवट टाकून माणसे रील्स करायला बसतात. कथा-कादंबरी लिहिणाऱ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे आणि नुकसान करणारा आहे, हे मला येथे मांडायचे आहे. सल्ल्यामागे काही खरी निरीक्षणे आहेत, ती मी नाकारत नाही. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

मराठीत लेखक थेट प्रकाशकाकडे जातो, म्हणून एजंट हा मधला माणूस आपल्याकडे फारसा ओळखीचा नाही. इंग्रजी प्रकाशनविश्वात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. लंडनचा ए. पी. वॉट हा या धंद्याचा आद्य पुरुष मानला जातो, आणि लेखकाच्या कमाईतून दहा टक्के घेण्याची रीत त्याच्यापासून रुळली. आज देशांतर्गत करारावर साधारण 15 टक्के आणि परदेशी हक्कांवर 20 टक्के असा दर आहे. ब्रिटन-अमेरिकेतले मोठे प्रकाशक एजंटाविना आलेले हस्तलिखित बहुधा उघडतही नाहीत. भारतातल्या इंग्रजी प्रकाशनातही जयपूरची सियाही, दिल्लीच्या रेड इंक आणि रायटर्स साइड अशा संस्था हे काम करतात. नवोदिताने एका पानाचे क्वेरी लेटर, कथासार आणि सुरुवातीची काही पाने पाठवायची, ती आवडली तर एजंट पूर्ण हस्तलिखित मागवतो. या व्यवहारातली कळीची गोष्ट अशी की पुस्तक विकले गेले तरच एजंटला पैसे मिळतात. वाचनाची फी मागणे अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. म्हणजे समोरची पाने वाचताना एजंट स्वतःच्या पुढच्या वर्षभराच्या कष्टांचा अंदाज घेत असतो. हे पुस्तक कोणत्या संपादकाला दाखवायचे, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

आता पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात घेऊ. एजंटला पुस्तक आवडले, संपादकालाही आवडले, तरी निर्णय एकट्या संपादकाचा नसतो. प्रकाशनगृहात खरेदीची बैठक बसते आणि तिथे विक्री व विपणनाची माणसे असतात. जाहिरातीचा मोठा वाटा आधीच प्रस्थापित झालेल्या लेखकांकडे जातो, नवोदिताच्या वाट्याला थोडेच उरते. अशा वेळी ज्याच्यामागे वाचक आधीच उभे आहेत त्याचे पारडे जड होणार आणि एजंटही हे ओळखून तसाच लेखक निवडणार, असा हा युक्तिवाद आहे. ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण ‘फॉलोअर म्हणजे वाचक’ या गृहीतकावर तो उभा आहे, आणि ते गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे.

ते तपासायला एक चांगले उदाहरण उपलब्ध आहे. गायिका बिली आयलिश हिचे पुस्तक 2021 च्या मे महिन्यात आले. इन्स्टाग्रामवर त्या वर्षाअखेर तिचे सुमारे 9 कोटी 70 लाख फॉलोअर्स होते. पुढच्या सात-आठ महिन्यांत अमेरिकेत पुस्तकाच्या साधारण 64,000 प्रती खपल्या, असे न्यूयॉर्क टाइम्सने त्या डिसेंबरात छापले. एरवी 64,000 ही उत्तम विक्री आहे, पण प्रमाण पाहा: सुमारे दीड हजार फॉलोअर्समागे एक प्रत. तिचे फॉलोअर्स जगभर विखुरलेले आहेत आणि विक्रीचा आकडा एका देशाचा आहे, ही सूट द्यायलाच हवी. आता हेच प्रमाण पाच हजार फॉलोअर्स असलेल्या नवोदिताला लावले तर तीन-चार प्रती होतात. कोणी म्हणेल, छोट्या वर्तुळातली माणसे अधिक जिव्हाळ्याची असतात. मान्य. दहापट जिव्हाळा धरू या. तरी तीस-चाळीस प्रतींच्या पुढे आपण जात नाही. तीस-चाळीस प्रतींनी कोणत्या बैठकीतला निर्णय फिरणार आहे? ज्या आकड्यासाठी नवोदित वर्ष-दोन वर्षे खर्ची घालतो तो प्रकाशकाच्या हिशेबात मोजण्याइतकाही मोठा नसतो, आणि खरोखर मोजण्याइतका मोठा आकडा कादंबरी लिहीत असताना जाता जाता जमवता येत नाही. याला जोडून आणखी एक गोष्ट, जी सल्ला देणारे सहसा सांगत नाहीत. विक्रीच्या बाबतीत नवोदिताची पाटी कोरी असते आणि ते त्याचे बळ आहे. पहिले पुस्तक पडलेल्या लेखकाचा कमी खप बुकस्कॅनसारख्या विक्रीमोजणीत दिसतो आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी आड येतो. पहिल्या कादंबरीवर मात्र प्रकाशक निव्वळ शक्यतेचा डाव लावू शकतो.

यावर लगेच नावे पुढे केली जातात. अँडी वीअरने ‘द मार्शियन’ स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने दिली, 2011 मध्ये 99 सेंटला किंडलवर ठेवली, तिथून एजंट आला, 2014 मध्ये क्राउनने ती छापली आणि पुढच्याच वर्षी चित्रपट झाला. ॲना टॉडची ‘आफ्टर’ वॉटपॅड या कथांच्या संकेतस्थळावर वाचली गेली आणि मग सायमन अँड शुस्टरकडे गेली. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती दिलेल्या सल्ल्याला आधार देत नाहीत. वीअर आणि टॉड यांचे इंटरनेटवर जे होते ते त्यांचे लेखन होते. लोक कथा वाचायला येत होते आणि पुढचे प्रकरण मागत होते. सकाळच्या चहाचा फोटो, लिहिण्याच्या टेबलाचा व्हिडिओ, ‘आज हजार शब्द झाले’ अशा नोंदी यांच्याशी त्या यशाचा काही संबंध नव्हता. बुकटॉकची, म्हणजे टिकटॉकवरच्या पुस्तकांविषयीच्या व्हिडिओंचीही गोष्ट अशीच आहे. मॅडलिन मिलरची ‘द साँग ऑफ अकिलीस’ 2011 ची आणि कॉलीन हूव्हरची ‘इट एंड्स विथ अस’ 2016 ची. दोन्ही पुस्तके 2021 च्या सुमारास पुन्हा जोरात खपू लागली ती वाचकांनी आपण होऊन केलेल्या व्हिडिओंमुळे, आणि तेव्हा दोघींचीही पुस्तके कित्येक वर्षे बाजारात होती. भारतात राहणाऱ्या लेखकाला तर ही वाटही मोकळी नाही, कारण टिकटॉकवर इथे जून 2020 पासून बंदी आहे. ज्यांनी ऑर्कुटवर कविता लिहिल्या, गूगल प्लसवर वर्तुळे जमवली, त्यांची ती कमाई आज कुठे आहे? दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराचा भरवसा धरून कादंबरी मागे ठेवणे शहाणपणाचे नाही.

मग एजंट नेमके कशाने होकार देतो? बॉनी गार्मस यांच्या प्रवासातून हे स्वच्छ दिसते. त्यांच्या आधीच्या एका हस्तलिखिताला 98 नकार मिळाले. ते सुमारे सातशे पानांचे होते, आणि नवोदिताचे एवढे लांब हस्तलिखित कोणी वाचणार नाही, असे अखेर त्यांना एका एजंटने सांगितले. पुढे त्यांनी दुसरी कादंबरी लिहिली, तिच्या सुरुवातीच्या पानांवर कर्टिस ब्राउनच्या एजंटने त्यांना घेतले आणि 2022 मध्ये ‘लेसन्स इन केमिस्ट्री’ जगभर खपली. गार्मस तेव्हा पासष्टीच्या उंबरठ्यावर होत्या. पहिल्या खेपेचा दोष हस्तलिखितात होता आणि त्यावरचा उपायही नव्या हस्तलिखितातच सापडला. त्या नकारांच्या काळात त्यांना कोणी ‘आधी फॉलोअर्स जमवा’ असे सांगितले असते आणि त्यांनी ऐकले असते, तर ती दुसरी कादंबरी लिहायची राहून गेली असती. अरुंधती रॉय यांचे उदाहरण जुने आहे, तरी आठवण्यासारखे आहे. डेव्हिड गॉडविन हा लंडनचा एजंट ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’चे हस्तलिखित वाचून विमानाने भारतात आला. रॉय भारतात पटकथाकार म्हणून ठाऊक होत्या हे खरे, पण त्याला इथवर ओढून आणले ते हातातल्या पानांनी. तो काळ 1996 चा, तेव्हा इंटरनेटचा पसाराच नव्हता, असा आक्षेप येईल. म्हणूनच मी आधी 2022 चे उदाहरण दिले.

कथेतर लेखनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे. मधुमेहावर, गुंतवणुकीवर, पालकत्वावर पुस्तक लिहायचे असेल तर एजंटकडे बहुधा पूर्ण हस्तलिखित जात नाही, प्रस्ताव जातो. ‘हे पुस्तक तुम्हीच का लिहावे आणि ते कोणापर्यंत पोचेल’ या प्रश्नाचे उत्तर त्या प्रस्तावाचा अधिकृत भाग असते. इंग्रजीत त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. हा कथेतराचा नियम सैलपणे कादंबरीला लावला गेला आणि चुकीचा सल्ला जन्माला आला. शिवाय कथेतरातही प्लॅटफॉर्म म्हणजे निव्वळ फॉलोअर्स नव्हेत. अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे शल्यक्रियेचे प्रशिक्षण घेत असताना स्लेट या इंटरनेटवरच्या नियतकालिकात आणि मग न्यू यॉर्करमध्ये लिहीत होते. ‘कॉम्प्लिकेशन्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक 2002 मध्ये आले ते त्या लेखांच्या बळावर. हीसुद्धा एका अर्थी ऑनलाइन उपस्थितीच होती. पण ती संपादकाच्या कसोटीला उतरलेल्या मजकुराची होती आणि तिच्यामागे शस्त्रक्रियागृहातला अनुभव होता.

कादंबरीकाराला पुस्तकाआधी कुठे तरी दिसायचेच असेल तर त्याने अशाच ठिकाणी दिसावे. चांगल्या नियतकालिकात आलेली एक कथा क्वेरी लेटरच्या शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत सांगता येते, आणि एक संपादक आधी ‘हो’ म्हणाला आहे हे एजंटला त्या ओळीतून कळते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडात राहिले, सभा-समारंभांपासून लांब राहिले आणि तरी त्यांचा वाचक ‘सत्यकथे’च्या पानांतून घडत गेला. उलट, आपल्या कथा आणि प्रकरणे घाईने समाजमाध्यमांवर टाकणाऱ्याने एक धोका ओळखावा: अनेक इंग्रजी वाङ्मयीन नियतकालिके असा मजकूर ‘पूर्वप्रकाशित’ मानतात आणि घेत नाहीत.

आणखी एक आक्षेप उरतो आणि तो रास्त आहे. आवडलेल्या लेखकाचे नाव एजंट गूगलवर टाकून पाहतातच. काहींच्या अर्जात संकेतस्थळाचा रकानाही असतो. पण हा शोध कशासाठी असतो? या माणसाबरोबर वर्षानुवर्षे काम करायचे आहे, तो धड आहे ना, आधीचे एखादे पुस्तक लपवत नाही ना, कोणाविषयी विखारी लिहीत नाही ना, हे त्यांना पाहायचे असते. या शोधात काही न सापडणे हा दोष नाही, वाईट सापडणे हा दोष आहे. डिसेंबर 2023 मध्ये एका अमेरिकन नवलेखिकेने खोटी खाती काढून गुडरीड्सवर इतर नवोदितांच्या पुस्तकांना हीन गुण दिल्याचे उघड झाले. पुस्तक बाजारात येण्याच्या आधीच एजंट आणि प्रकाशक दोघांनीही तिचा हात सोडला. नाव, चार ओळींचा परिचय आणि ईमेलचा पत्ता असलेले एक साधे पान कोणाला करायचे असेल तर त्याने एका दुपारी करावे. त्यात नुकसान काहीच नाही. पण ती सोय आहे, पात्रता नव्हे, आणि ज्याच्याकडे ते पान नाही त्याने पत्र पाठवायचे थांबू नये.

या सल्ल्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला हवे. रोज पाचशे शब्द लिहिणाऱ्याचा ऐंशी हजार शब्दांचा पहिला खर्डा 160 दिवसांत होतो. नोकरी करून, घरातल्या आजाऱ्याचे करून, मुले झोपल्यावर लिहिणाऱ्या माणसाकडे दिवसाचा एखादाच तास असतो. तो तास रील्सकडे गेला की खर्डा होत नाही. ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि कॅमेऱ्यासमोरची सफाई आहे त्यांना हा सल्ला फारसा जड जात नाही. सरकारी नोकरीच्या नियमांनी बांधलेली, पाठलागाच्या भीतीने स्वतःचा फोटोही न टाकणारी, स्वभावानेच अबोल असलेली माणसे मात्र तो ऐकून दारातूनच परत फिरतात. त्यांतल्या कित्येकांकडे सांगण्यासारखे बरेच असते. एजंटने त्यांना नकार दिलेला नसतो, त्यांनी पत्रच पाठवलेले नसते.

म्हणून इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येक नवोदिताला माझी विनंती आहे: आधी हस्तलिखित पूर्ण करा. ते दोन कडक वाचकांना दाखवा, कापा, पुन्हा लिहा. ज्या एजंटला पाठवणार असाल त्याने विकलेली दोन-तीन पुस्तके वाचा आणि त्याच्या नावाने पत्र लिहा. अर्जात संकेतस्थळाचा रकाना आला आणि भरायला काही नसले, तर तो रिकामा ठेवा आणि अर्ज पाठवा.