जॅझ कोणाचा?

जॅझ म्हणजे बड्या लोकांचे संगीत, मोठ्या हॉटेलात सुटाबुटात बसून ऐकायचे, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. शनिवार-रविवारच्या जॅझ महोत्सवाची जाहिरात दिसली, की आपल्यासारखा विद्यार्थी ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून पान उलटतो. ही समजूत खोटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जॅझ जन्मला अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, विसाव्या शतकाच्या आरंभी, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. अपमान संपला नव्हता. तेथील बँड मिरवणुकीत वाजत, तसेच प्रेतयात्रेतही वाजत. माझे काका लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट वाजवतात. तेच वाद्य न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर वाजत होते. मग हे संगीत सुटाबुटाचे कसे?

मुंबईची गोष्ट वेगळी नाही. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझवादक आले, हे खरे. परंतु ती कला उचलली ती पोटासाठी मुंबईस आलेल्या गोव्याच्या तरुणांनी. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवीत. तीच त्यांची शिदोरी. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेटवर गाजले. १९५१ साली ‘अलबेला’ आला. संगीत पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे, पडद्यावर गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवानदादा, आणि साथीला चिक चॉकलेट! त्या चालींवर वरातीत नाचलेला प्रत्येक जण, नकळत का होईना, जॅझवर नाचला आहे.

मात्र अशा वादकांच्या वाट्याला नाव आले नाही. चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहुतेकांचा उल्लेखच नसे. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ च्या एका गाण्याने घरोघरी पोचले. पण ते संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूंचे, माजोर्ड्याच्या एका खऱ्या वादकाचे नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

१९७८ साली निरंजन झवेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, सॉनी रॉलिन्स यांच्यासारखे थोर सॅक्सोफोनवादक पाहुणे म्हणून आले. ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स असे आपले वादकही या यात्रेत वाजवून गेले. ‘यात्रा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्या यात्रेत गावचा पैलवान आणि परगावचा पैलवान एकाच मातीत उतरतात. पाहुण्याला माती वेगळी नसते. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या. मैदान गेले, तरी यात्रेचा धर्म सोडण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, आपले अभिजात संगीत असता हे परके कशाला? परंतु पेटी तरी कुठली? ती युरोपातून आली आणि भजनात बसली. ऑर्गनशिवाय बालगंधर्वांचे नाट्यसंगीत आठवतच नाही. शिवाय ऐन वेळी सुचलेले वाजविणे हा जॅझचा प्राण. आपण त्यालाच उपज म्हणतो. एका वाद्याने छेडावे, दुसऱ्याने उत्तर द्यावे, हा सवाल-जवाब आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

म्हणून महोत्सव भरविणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. इथल्या वादकांची नावे पाहुण्यांइतक्याच ठळक अक्षरांत छापा. विद्यार्थ्याला परवडेल असे तिकीट ठेवा. वादनापूर्वी चार शब्द मराठीतून सांगा. एक सकाळ एखाद्या महाविद्यालयात वाजवा, आणि त्या सकाळी वरातीच्या बँडवाल्यांना समोर नव्हे, शेजारी बसवा.

आणि मित्रहो, आपणही पान उलटू नये. ज्यांनी हे संगीत घडविले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात आपल्या घरांसारखीच चणचण होती. दार आपल्यासाठी बंद आहे, असे मानून परत फिरण्यापूर्वी ते एकदा ढकलून तरी पाहावे.