कुऱ्हाडीआधी बुंधा पाहावा

वादळात झाड दोन तऱ्हांनी जाते. एक तर खोड मोडते, नाही तर झाड मुळांसकट उलथते. पावसाळ्याच्या तोंडावर ‘धोकादायक’ झाडांची यादी करताना नजर बहुधा पहिल्या तऱ्हेवरच असते: ढोली, झुकलेले खोड, वर गेलेला शेंडा. दुसऱ्या तऱ्हेचे कारण मातीखाली असते आणि तिकडे कोणी वाकून पाहत नाही. भोर आणि वेल्ह्यातील रस्त्याकडेच्या झाडांचा निवाडा असा अर्ध्या पुराव्यावर होऊ नये.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा जवळजवळ चौपट होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले तेव्हा वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर होता. ते घाट चढून आले आणि मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यातही पत्रे उडाले, झाडे आडवी झाली. तरी ते अगदीच अकल्पित नव्हते. इमारतींच्या रचनेसाठी भारतीय मानक 875 पुण्याकरिता सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर झोत गृहीत धरते. डोंगरमाथ्यावर व त्यालगतच्या उतारावर हा वेग 1.36 पटीपर्यंत वाढवून धरावा लागतो. तोरणा-राजगडाच्या परिसरात ही बाब कागदापुरती राहत नाही.

ढोलीची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. खोड वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर येतो. आतला गाभा पूर्ण गेला, पण भोवतीची निरोगी भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांश उरली, तरी वाकण्याला होणारा विरोध सुमारे 80 टक्के शिल्लक राहतो. हे गणित गोल, बंद नळीचे आहे. ढोलीला मोठे तोंड असेल तर ताकद बरीच घटते आणि पारंब्या टेकलेल्या वडाला तर हे सूत्र लावूच नये. झुकलेल्या झाडाचेही तसेच. वर्षानुवर्षे तिरपे वाढलेले झाड मुळांनी स्वतःला सावरून घेते. धोका असतो तो नव्याने झुकलेल्या झाडाला, ज्याच्या मागच्या बाजूला माती उचलली गेली आहे किंवा भेग पडली आहे.

मुळांचे नुकसान बहुतेकदा माणसाने केलेले असते. नळाची लाइन, गटार, केबल, रस्ता रुंदीकरण यांसाठी बुंध्याला खेटून चर खणला जातो, जाड मुळे तुटतात, वर सिमेंट पसरले जाते. पाला हिरवाच राहतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. तुटलेल्या टोकांतून बुरशी शिरते आणि काही पावसाळ्यांनंतर झाड पडते. तोवर चर कोणी खणला हे कोणाच्या लक्षात नसते. त्यात मातीचा ओलावा. वळवाच्या वावटळीला टिकलेले झाड ऑगस्टच्या झडीत, माती पूर्ण भिजलेली असताना, कमी वाऱ्यातही उलथू शकते. तारांसाठी एकाच बाजूने केलेली छाटणी तोल आणखी बिघडवते.

संशयित झाडाची ओढचाचणी घेता येते. झाडाच्या वरच्या भागाला पट्टा बांधून ते ठरावीक बळाने ओढतात आणि बुंध्याशी लावलेल्या कोनमापकावर ते किती कलते हे पाहतात. पाव अंशाच्या आतच थांबायचे, म्हणजे मुळांना इजा होत नाही. त्यावरून झाड किती भार सोसेल याचा अंदाज बांधून तो अपेक्षित वाऱ्याच्या रेट्याशी ताडतात. दीडपट ताकद निघाली तर झाड सुरक्षित धरतात. उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर घेतलेली चाचणी मात्र फसवी ठरते. चाचणी खर्चिक असल्याने ती मोजक्या, मोठ्या झाडांपुरतीच ठेवावी. बाकीच्यांना लाकडी हातोडा, सळई आणि बुंध्याभोवतीची माती उकरून पाहणारा जाणकार पुरे. अनेकदा उंची थोडी कमी केली तरी झाड वाचते, कारण वरच्या भागावरील रेट्याला तरफेचा हात सर्वांत लांब मिळतो. सरसकट मुंडण हा त्यावरचा उपाय नव्हे.

भोर नगरपरिषदेला 1975 चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही आहे. गणनेच्या नोंदीत जात, घेर, उंची यांच्या जोडीला बुंध्यालगतच्या खोदकामाचा रकाना घालावा: कोणत्या वर्षी, कोणत्या बाजूला, किती अंतरावर. खोदाईची परवानगी देतानाच तो भरला जावा. दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा सिमेंटविना मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता. भोरच्या गल्ल्यांतही ते अशक्य नाही. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याचे ठिकाण, नागरी क्षेत्र नसल्याने या कायद्याबाहेर राहते. तिथे ग्रामसभेच्या ठरावाने अशी नोंदवही सुरू करावी आणि तालुक्याच्या मान्सूनपूर्व बैठकीत वन विभागाकडून बाजारपेठ, शाळा व एसटी थांब्याजवळच्या झाडांची तपासणी मागून घ्यावी.

– एक वाचक, भोर